रमजानातलं दुपारचं ताट

शाळेतून फोन आला तेव्हा मी इफ्तारीसाठी खजुरातल्या बिया काढत बसले होते. माझी मुलगी नववीचा पेपर लिहिता लिहिता बाकावरून खाली पडली होती. "लगेच या," एवढंच तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या. मी हात न धुताच ओढणी डोक्यावर घेतली आणि स्कूटर काढली. मार्च महिना, डिचोलीचं ऊन, रस्त्याला कुत्रं नाही. वाटेत दोनदा हँडलवरचा हात घसरला, कारण बोटं खजुराने चिकट झाली होती.

पोरीला ऑफिसात बाकड्यावर झोपवलं होतं. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. बाईंच्या हातात लिंबूपाण्याचा पेला होता आणि पोरगी ओठ मिटून मान हलवत होती. नको, नको. दारात खेळाचे सर उभे होते, क्लार्क उभा होता, पाणी आणणारा शिपाई उभा होता.

"अहो, एवढ्या कोवळ्या मुलींना कशाला उपास करायला लावता?" बाई मला म्हणाल्या. स्वभावाने चांगल्या आहेत, मुलांवर जीव आहे त्यांचा. "निदान परीक्षेत तरी सोडायचा. तुमच्यात फारच कडक असतं बाई."

तुमच्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही हरताळकेला पाण्याचा थेंब घेत नाही तेव्हा मी येते का विचारायला, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं, कारण माझा खरा राग बाईंवर नव्हताच. मला जे माहीत होतं ते त्या खोलीत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. माझ्या मुलीचा रोजा नव्हता. तिची पाळी सुरू होती, आणि त्या दिवसांत आम्हाला रोजा नसतो. सूट आहे म्हणून नसतो असंही नाही; धरायचाच नाही, धरला तर गुन्हा. राहिलेले रोजे नंतर सवडीने पुरे करायचे. सकाळी मीच तिला म्हटलं होतं, "कोठीत डबा ठेवलाय, खाऊन जा." ती "हो" म्हणाली होती. डबा तसाच राहिला होता, हे मला तिच्या ओठांकडे बघून कळलं.

"पी," मी म्हटलं.

तिने दाराकडे बघितलं. तिथल्या तीन पुरुषांकडे. आणि पुन्हा मान हलवली.

मग माझं डोकं फिरलं. "तिचा रोजा नाहीये," मी मोठ्याने म्हटलं. "पाळी चालू आहे तिची. आमचा धर्म तिला खा म्हणतो, पाणी पी म्हणतो. ही उपाशी आहे ती लाजेने. ऐकलंत ना सगळ्यांनी? आता पी!"

क्लार्क पंख्याकडे बघायला लागला. सर कुठल्या कुठे नाहीसे झाले. पोरीने पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला, आणि मग माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. माझ्यावर हात उगारला असता तरी बरं वाटलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली, रक्त तपासलं. रक्त फार कमी होतं. दुपारचं जेवण चुकवायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, जेवणावर लोहाची गोळी घ्यायची, नाहीतर सलाईन लावायला भरती करावं लागेल, असं त्यांनी बजावलं. अजून गणित राहिलं होतं, विज्ञान राहिलं होतं. स्कूटरवर पोरगी माझ्यापासून जितकी लांब बसता येईल तितकी लांब बसली. "सगळ्यांसमोर बोललीस," एवढं एकदाच म्हणाली, तेही रडत.

आता आमच्या घरात रमजानात बायका कशा जेवतात ते सांगते, म्हणजे पोरगी उपाशी का राहिली ते कळेल. बाहेर सोपा, मग हॉल, मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे कोठी. तांदळाचा पिंप, नारळ, जुने कपडे. पाळीच्या दिवसांत जेवायचं ते त्या कोठीत, दार लोटून, पिंपावर ताटली ठेवून. पापड मोडायचा नाही, कारण आवाज होतो. काही तळायचं नाही, कारण वास जातो. कुणाची चाहूल लागली की घास गालात धरून कपड्यांच्या घड्या घालायला लागायचं. पहाटे सेहरीच्या जेवणाला सगळ्यांबरोबर उठायचं, उपास नसला तरी. अजान झाली की आतल्या खोलीत जाऊन नुसतं बसून राहायचं, म्हणजे बाहेर वाटावं की नमाज पढते आहे. आणि संध्याकाळी पोटात दुपारचा भात असताना खजूर हातात धरून इफ्तारीची वाट बघायची, चेहरा सुकलेला करून. वा रे वा नाटक! कोरगावला माझ्या माहेरी हेच, इथे सासरी हेच. मला कुणी शिकवलं नाही, माझ्या मुलीला मी शिकवलं नाही. ती बघून शिकली.

आणि हे सगळं कुणापासून लपवायचं? माझ्या सासऱ्यांपासून, ज्यांना पाच मुलं झाली. माझ्या नवऱ्यापासून, जो दर महिन्याला बाजारातून काळ्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट आणून मुकाट्याने माझ्या कपाटात ठेवतो. ईद झाली की घरातल्या बायका राहिलेले रोजे धरायला लागतात, चहाला नको म्हणतात, तेव्हा एकही पुरुष विचारत नाही की बाई गं, रमजानचे रोजे कुठे गेले तुझे? सगळ्यांना सगळं माहीत. माहीत असून माहीत नसल्यासारखं वागायचं, त्याला म्हणे हया. लाजलज्जा. मी पाच वेळची नमाज पढते, पहाटे कुराण उघडल्याशिवाय चूल पेटवत नाही, आणि मला एवढं कळतं की अल्लाने जे खुलं ठेवलं त्याला कडी लावणारे आपण कोण?

शाळेतही पोरीची सुटका नव्हती. तिच्या हिंदू मैत्रिणी मायेच्या, पण नळाला तोंड लावलं की ओरडायच्या, "अगो, तुझो रोजो ना?" मग आमच्या मोहल्ल्यातली मुलं वळून बघायची. घरात पुरुष, शाळेत सगळी दुनिया. एकेक जण तिच्या नसलेल्या रोजाची राखण करत होता. ना रोजाचं पुण्य, ना पोटात घास. तिने पाणीच सोडलं.

इफ्तारीनंतर नवरा सोप्यावर बसला होता. पूर्वी त्याचा स्वतःचा खनिजाचा ट्रक होता. खाणी बंद पडल्यापासून सकाळी दुसऱ्याचा टेम्पो चालवतो आणि दुपारी घरी असतो. मी त्याला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. तो हळहळला. पोरीसाठी डाळिंबं आणतो म्हणाला. मी म्हटलं, "डाळिंबं नकोत. उद्यापासून ती दुपारी हॉलमध्ये मेजावर बसून जेवेल. तुम्ही फक्त घरात तसं सांगा."

"अब्बांसमोर?" तो म्हणाला. "अगं, कोठीत जेव म्हणावं की नीट. उगाच कशाला वाढवतेस?"

"कोठीत जेवणं म्हणजे चोरी करणं. चोरी करायची तर भीती वाटणारच. म्हणून तिने डबा उघडला नाही."

"बघ बाबा तुझं तू," म्हणाला आणि तरावीहच्या नमाजला निघून गेला. बघ बाबा तुझं तू! पोरगी काय माहेराहून आणली होती मी?

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी मला काही वाईट वागवलं नाही कधी. माझ्या बाळंतपणात त्यांनीच माझं सगळं केलं. पण या बाबतीत दगड. "आम्ही उभा जन्म काढला," त्या म्हणाल्या, "कुणाला नख दिसू दिलं नाही. तू शाळेत पुरुषांपुढे पोरीचं बोललीस. कपाळ माझं! उद्या तिला मागणं येईल तेव्हा?"

"मागणं यायला ती जिवंत हवी ना, अम्मा?"

 त्या तसबीहचे मणी ओढत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पोरगी पेपर देऊन आली. मी मुद्दाम बांगडे तळले. हो, मुद्दाम. रमजानात, भर दुपारी, खिडकी उघडी टाकून. वास सगळ्या घरात घुमला. हॉलमधलं मेज पुसलं, त्यावर ताट वाढलं. भात, माशाचं हुमण, दोन बांगडे, कांदा, तांब्याभर पाणी, शेजारी गोळी. सासरे खुर्चीत पेपर वाचत होते. नवरा दिवाणावर आडवा होता, एकदम डोळे मिटून घोरायलाच लागला. इतकं खोटं घोरणं मी आजवर ऐकलेलं नाही.

"ये, बस," मी पोरीला म्हटलं.

ती दारातच थांबली. "अम्मी, नको ना."

"बस म्हणते ना! कुणी खाणार नाही तुला. तू खा."

ती बसली. मी समोर बसले. ती ताटाकडे बघत राहिली. सासऱ्यांचा पेपर डोळ्यांसमोर तसाच, पान काही उलटेना. सासूबाई आतून आल्या, ताट बघितलं, आणि म्हणाल्या, "लाज सोडलीस तू."

झालं. मी जे बोलायला लागले ते थांबेना. मी म्हटलं, लाज मी नाही सोडली, लाज तुम्ही सगळ्यांनी या पोरीच्या गळ्यात बांधली. म्हटलं, ज्या घरात हदीस तोंडपाठ आहेत त्या घरात एका मुलीला घोटभर पाणी पिता येत नाही, तर आग लावा त्या तोंडपाठ असण्याला. नवऱ्याला म्हटलं, उठा, घोरू नका. सासऱ्यांपुढे मी इतक्या वर्षांत वर मान करून बोलले नव्हते. त्यांनाही म्हटलं, अब्बा, तुमची नात काल मेली असती. माझा आवाज चिरकत होता. रोजाने घसा कोरडा, तरी थांबेना.

"अम्मी, पुरे!"

पोरगी उभी राहिली होती. चेहरा लाल. "तू पण तेच करतेस! दादी म्हणते लपव, तू म्हणतेस दाखव. शाळेत सांगितलंस, इथे सांगतेस. मला विचारलं का कुणी? तू अशी टक लावून बसलीस तर मी जेवू कशी?"

 माझी पोरगी, माझ्याच आवाजात.

तिने ताट उचललं. मला वाटलं, गेली कोठीत.  पण ती उलट्या दिशेला वळली. आजोबांनी पाय चटकन आत घेतले, त्यांच्या खुर्चीजवळून ती हॉलच्या दारातून बाहेर सोप्यावर गेली आणि वरच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून, मांडीवर ताट घेऊन बसली. "आता लपवायचं राहिलंय काय," असं काहीतरी पुटपुटली. आणि जेवायला लागली. रागाने. मोठाले घास, कांदा कचाकचा. आमच्याकडे पाठ.

 मला उठून तिला आत आणावंसं वाटत होतं, आणि आणू नये असंही. नवरा उठून बसला होता. सासरे पेपर खाली ठेवून नुसते दाराकडे बघत होते.

"भात!" बाहेरून ओरडली.

मी उठायच्या आत सासूबाई उठल्या होत्या. "ओरडते बघा कशी, सगळ्या गल्लीला ऐकू जातं," असं बडबडत त्यांनी भाताचं भांडं उचललं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रोजाच्या सुकल्या तोंडाने बाहेर गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेले. त्या वाकून नातीच्या ताटात भात वाढत होत्या, वर रागवत होत्या, "काटे बघून खा गं, घशात अडकेल."

समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती. तिने वाकून पोरीच्या ताटाकडे बघितलं. "काय हो, चेडवाचो रोजो ना आज?"

पोरीचा हात ताटात थांबला. सासूबाईंनी पळी भांड्यात ठेवली.

"ना," त्या म्हणाल्या, चांगल्या खणखणीत, चिडलेल्या आवाजात. "या दिवसांत आम्हा बायकांना रोजा नसतो."

एवढंच वाक्य. जन्मभर कुठे दडवून ठेवलं होतं हे, असं मला त्यांच्या अंगावर जाऊन ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. पोरगी जेवत होती.