सालीचा वास

ताईचा रिपोर्ट मिळायला अजून तासभर होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सारखा बाकावरून उठत होतो, पुन्हा बसत होतो. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई नवऱ्यासाठी संत्रं सोलत होती. फोडीवरची प्रत्येक पांढरी शीर नखाने काढून ती कागदावर ठेवत होती आणि तो खाली मान घालून फोडी खात होता.

माझं लक्ष त्या शिरांवरून हलेना. सकाळीच पेपरात वाचलं होतं, की संत्र्याच्या सालीत आणि या शिरांमध्ये काही द्रव्यं असतात, ती कदाचित कॅन्सरला अटकाव करत असतील. अजून कुणी खात्रीने सांगत नाही. मी तो 'कदाचित' दोनदा वाचला होता. आमच्या घरीही ताईच सगळ्यांना संत्री सोलून द्यायची, अशाच निगुतीने. शिरा केरात जायच्या. आता इतक्या वर्षांनी मला त्या केराचा राग येत होता.

शेवटी न राहवून म्हणालो, "काकू, त्या शिरा टाकू नका. तुम्हीच खा. चांगल्या असतात म्हणे."

"तोंड आलं आहे भाऊ, काहीच खाववत नाही," ती म्हणाली. "पण सोलताना वास येते ना, त्यानं मळमळ थांबते."

मग तिने सालीचा एक तुकडा माझ्यापुढे धरला. "घ्या, तुम्हीही घ्या वास. मघापासून उठबस करून राहिले."

ताईचं नाव पुकारलं, तेव्हा ती साल माझ्या मुठीत होती.