पोळ्याला नेलेली मोटार

मी मोटार घेतली तेव्हा वर्ध्यात शहाण्या माणसांची कमी नव्हती, आणि त्यातल्या प्रत्येकाने मला ती घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी शाळेत गणित शिकवत असे, त्यामुळे मला हिशेब कळतो असं लोक उगाच धरून चालत. कापूस खरेदीसाठी आलेला एक गोरा साहेब देश सोडून जाताना आपली दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची शर्यतीची मोटार एका जिनिंगच्या आवारात टाकून गेला होता. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मला ती जवळजवळ भंगाराच्या भावात मिळाली. कोंबड्यांना हुसकून मी आत बसलो, चाक हातात धरलं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

तिचे भाग मुंबईलाही मिळत नसत. विलायतेहून मागवायचे तर माझी पेन्शन आधी आली असती. तेव्हा साहेबाच्या देशातून जे येईना ते आपला जिल्हा पुरवील, असं मी ठरवलं. पंख्याचा पट्टा जिनिंगच्या जुन्या पट्ट्यातून कापून चांभाराकडून शिवून घेतला. पेट्रोलची नळी गेली तिथे डॉक्टरांकडून मागून आणलेली एनिमाची नळी लावली. डॉक्टरांनी ती धुऊन दिली होती की नाही हे मी विचारलं नाही, पेट्रोललाही त्याचं काही वाटलं नाही. गादीत कापूस भरला तो सरकीसकट, कारण सरकी काढायला धीर कुणाला होता? उंदरांनी मात्र तो धीर दाखवला. आणि इंजिनाच्या पॅकिंगसाठी शाळेच्या अडगळीतला, ब्रिटिश साम्राज्याचा लालभडक नकाशा कापून जवसाच्या तेलात बुडवला. विलायती इंजिनाला तो मानवला. आधी कॅनडा जळाला, मग ऑस्ट्रेलिया; हिंदुस्थान बरेच दिवस टिकला, याचा मला अभिमान वाटे.

मोटार चालायची. नाही असं नाही. पण जिथपर्यंत चालायची तिथून पुढे तिला बैलजोडी लागायची. वाटेवरचे शेतकरी मला ओळखू लागले होते. दुरून भोंगा ऐकला की ते ओढायचा दोर काढूनच ठेवत.

यात खरी अडकली होती ती माझी बायको. तिचं माहेर आंजीला, म्हणजे फार लांब नाही. लग्न झाल्यापासून सासरे सणावाराला रेंगी पाठवत, माणसं बसायची ती हलकी बैलगाडी, आणि ती हसत त्यात बसून जाई. मोटार आल्यावर मात्र माझी पत वाढली. दिवाळीला रेंगी आली ती मी परत पाठवली. दारात मोटार असलेल्या माणसाची बायको बैलगाडीतून जाणार? लोक काय म्हणतील? संक्रांतीलाही तेच केलं. "पॅकिंग बसलं की मीच नेतो," असं दोन्ही वेळा गाडीवानाला सांगितलं. दोन्ही वेळा ती दाराशी उभी राहून रिकाम्या रेंगीच्या घुंगरांचा आवाज जाईपर्यंत ऐकत राहिली. मी मोटारीखाली झोपलो की पाना हातात द्यायची, आणि मी चुकीचा मागितला तर न विचारता बरोबरचा द्यायची. चाकाला हात मात्र मी तिला कधी लावू दिला नाही. ते बायकांचं काम नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने जेवताना एवढंच विचारलं, "उद्या तरी नेता का मले? मायले पाहून वरीस होत आलं." तिचा आवाज असा काही आला की मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हटलं, नेतो. आता काही झालं तरी नेतोच.

अडचण एकच होती, रेडिएटर गळत होता. कुणी म्हणालं होतं की थोडी हळद टाकली की बारीक भोकं बुजतात. मी गणिताचा माणूस. हळदीने बारीक भोक बुजतं, तर मोठ्या भोकाला त्याच प्रमाणात दाट काहीतरी पाहिजे, असं त्रैराशिक मांडून मी डब्यातलं ज्वारीचं पीठ आत ओतलं. गळती थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोट चढवला, ती नवी साडी नेसून शेजारी बसली आणि आम्ही निघालो.

अर्ध्याहून जास्त वाट बरी गेली. मग वाफ यायला लागली. तिने नाकाने हुंगलं आणि म्हणाली, "अवं, आंबील शिजल्यावानी वास येऊन राह्यला." झाकण उडालं आणि खरोखरच आंबील बाहेर आली, गरम, चांगली शिजलेली, फक्त मीठ नव्हतं. पाठोपाठ पट्टा तुटला. गाव समोर दिसत होतं.

तेवढ्यात तीन-चार शेतकरी नाल्यावरून बैल धुऊन, सजवून येत होते. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. मी सवयीने म्हटलं, "जरा जोडी लावा हो."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. त्यातला म्हातारा म्हणाला, "मास्तर, येड लागलं का? पोया हाय ना आज. वरसातून एक दिस त्याची मान मोकयी रायते. आज कोनी जुपत नाई."

वर्षभर बैलांच्या जिवावर मोटार चालवणाऱ्या मला बैलांचाच सण आठवला नव्हता! मी म्हटलं, "मग आता?"

"तुमची मान तं मोकयीच हाय," म्हातारा शांतपणे म्हणाला.

दोर माझ्या खांद्यावर आला. दोघे मागून लोटायला लागले. पण चाक धरणार कोण? मी वळून पाहिलं तर बायको सरकून माझ्या जागेवर बसली होती. पदर खोचून तिने चाक धरलं होतं, आणि ते नीट धरलं होतं. चिखलात मी घसरलो की ती वरून सांगे, "डाव्या अंगानं घ्या." मी घेत होतो.

गावात तोरणाखाली बैल उभे होते, डफडं वाजत होतं. आम्ही शिरलो आणि डफडं थांबलं. मग पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढे चढाओढीने म्हणायची कवनं, म्हणणाऱ्यांतल्या कुणीतरी तिथल्या तिथे आवाज चढवला:

"बैलाच्या शिंगाले सोन्याचं पानी,
मास्तर जुपला अन् बाई बसली रानी!"

अख्खं गाव हसलं. मीही हसलो, कारण कोट घालून दोर ओढणाऱ्या माणसाला दुसरं काय करता येतं?

सासऱ्यांच्या दाराशी थांबलो. सासूबाई बैलांच्या पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट तसंच खाली ठेवलं आणि लेकीला कवटाळलं. सासरे जागेवरून हलले नाहीत. मागे हसत आलेले लोक दाराशी गोळा झाले.

"दोनदा रेंगी पाठोली," ते तिला म्हणाले. "दोनदा रिकामी आली. काऊन वं माय? बापावर राग होता का?"

कारण त्यांना माहीत होतं. गाडीवानाने सांगितलंच असणार. तरी त्यांना ते तिच्या तोंडून, चारचौघांत ऐकायचं होतं, आणि ऐकवायचं मला होतं. माझ्या गळ्याशी दोर तसाच होता.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राग कायचा बाबा," ती म्हणाली. "मोटार शिकून राह्यली होती मी. म्हटलं, येईन तं चालवतच येईन."

मला एकदम रडू कोसळलं. लोकांना वाटलं, जावई दमला. कुणीतरी पाणी आणायला धावलं.