कैदेतलं जेवण

एकाहत्तरच्या लढाईत मी शत्रूच्या हाती सापडलो आणि वर्षभरानं धडधाकट नागपूरला परतलो. भेटायला येणाऱ्यांना छळाच्या गोष्टी हव्या होत्या. माझ्याजवळ होतं पातळ वरण, जाड रोटी आणि माझ्या मांडीतली गोळी काढणारा त्यांचा डॉक्टर. युद्धकैद्यांसाठीच्या जिनिव्हा कराराचं नाव मी कैदेतच पहिल्यांदा ऐकलं. त्या करारामुळे त्यांनी माझं नाव नोंदवलं, इकडे कळवलं, म्हणून मी वाचलो असं मी आजही मानतो. मंडळी मात्र हिरमुसून गेली.

पारशिवनीकडची एक म्हातारी तेवढी खूश झाली. तिचा मुलगा त्याच लढाईत बेपत्ता होता. तिच्यासोबत त्याची तरुण बायको आली होती. मी आधीच सांगून टाकलं, तुमचा मुलगा मला कुठंच दिसला नाही. म्हातारीनं ते कानाआड केलं.

"जेवाले काय देत होते गा तुले?"

मी सांगितलं. डॉक्टरचंही, त्या कराराचंही सांगितलं. सगळं खरं.

"मंग त्यालेही देत असतीन. कायदाच हाय ना तसा!"

कायदा होताच. पण ज्याला पकडल्याची नोंदच कुणी कबूल करत नाही, त्याला तो कायदा कुठून लागू होणार? हे मला कळत होतं, तरी तिच्या तोंडाकडे बघून जीभ रेटेना.

मग ती सुनेला घेऊन दर हिवाळ्यात येऊ लागली, पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन. जेवणाची हकीकत पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. त्या शेंगा घरात सोलल्या जात तेव्हा मी उगीचच सगळ्यांवर खेकसायचो. सुनेचे माहेरचे तिचा पाट लावून दुसरा संसार थाटून द्यायला आले, तर म्हातारीनं माझाच दाखला देऊन त्यांना वाटेला लावलं. हे तिनंच मला हौसेनं सांगितलं. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली.

एकदा म्हातारी पाणी प्यायला आत गेली. सून दाराशी उभी होती. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"भाऊजी, तुम्ही त्याईले पाह्यलं नाही ना?"

"नाही."

"मंग आईले जेवणाचं काहून सांगता?"

तेवढ्यात म्हातारी पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"हं, सांग गा."

सून माझ्याकडे बघत होती. मी वरणापासून सुरुवात केली.