गोलकीपरची साक्ष

चौथीच्या वर्गावर मी भागाकार शिकवत होते, तेव्हा हायवेवरचा चहावाला शेषराव शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. एरवी तो कधी शाळेकडे फिरकत नाही. "मॅडम, जरा बाहेर या," एवढंच म्हणाला आणि खाली बघू लागला. वडीगोद्रीत रस्त्याला लागून आमचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळी ह्यांनी शटर वर केलं, दारात पाणी मारलं, खुर्चीत बसले, ते बसलेच. जालन्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. पौषातली थंडी होती आणि अंगात स्वेटर नव्हता. लडाखच्या बर्फात इतके हिवाळे काढलेल्या माणसाला आपल्याकडची थंडी कधी थंडी वाटलीच नाही. आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं, पडून राहावं लागलं नाही. मी मान हलवते. पण आठ-नऊ महिने हे एका फोनची वाट बघत होते आणि तो फोन ते असेपर्यंत आला नाही, ही गोष्ट दारात आलेल्या माणसाला कशी सांगायची...

ह्यांचं नाव सुखदेव. घर धनगराचं. आजोबा मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरायचे, वडलांनी थोडी जमीन धरली, आणि हे बारावीनंतर फौजेत भरती झाले. पहिलीच मोठी नेमणूक लडाखला. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्या बर्फावर हॉकी खेळतात, हे मला लग्नानंतर ह्यांच्याच तोंडून कळलं. पायात पातं लावलेले बूट, हातात काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची जाड चकती. वडीगोद्रीच्या माणसाला बर्फावर धड उभं राहता येईना, म्हणून ह्यांना गोलमध्ये उभं केलं. पायांना क्रिकेटचे पॅड, डोक्याला मिळेल ते हेल्मेट. "ज्याला पळता येत न्हाई त्याचा गोलकीपर करतेत," असं हे हसून सांगायचे. पुढं मात्र चांगले तयार झाले. फाटकातून सुटणारं मेंढरू कोणत्या बाजूला उडी घेणार हे लहानपणापासून कळत होतं, तेच तिथं कामाला आलं, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त होऊन गावी आल्यावर ह्या खेळाचं वेड कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर परदेशातले सामने चालू. आमचा रोहित संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, त्यालाही ही लागण झाली. बापलेकांचा एकच वाद, जगातला सगळ्यात मोठा गोल करणारा कोण? एक जुना कॅनडाचा, एक आत्ताचा रशियाचा. रोहित रशियावाल्याच्या बाजूचा, म्हणायचा, आकडा गाठत आलाय बघा, विषय संपला. हे म्हणायचे, आकडा काय बघतो, त्या काळचे गोलकीपर बघ, त्यांचे इवलेसे पॅड बघ, मग आत्ताचे भिंतीएवढे गोलकीपर बघ. आत्ता गोल करणं अवघड आहे हे मान्य करूनही जुना माणूस मला मोठा का वाटतो ते ऐक, तो स्वतः गोल करायचा त्याहून जास्त दुसऱ्याला करायला द्यायचा. शेवटी हे एक वाक्य ठरलेलं असायचं, "मोठा कोण ते बघणाऱ्याला न्हाई कळत. ज्याच्यावर गोल झाले त्याला इचारावं."

शाळेत सव्वीस जानेवारीला त्यांना बोलवायचे. पोरांना ते आपल्या तुकडीतल्या दोघांची गोष्ट सांगत. एक सांगलीकडचा विलास आणि एक लेहजवळच्या गावातला नोर्बू. दोघंही पुढं खेळणारे, दोघंही गोल करणारे. विलासचं वर्णन करताना ह्यांचा हात हवेत फिरायचा. मग एखादी मुलगी विचारायची, सर, आणि तो दुसरा? "तो बी चांगला होता," असं म्हणून हे पेल्यातलं पाणी प्यायचे आणि गोष्ट तिथंच संपायची. मी मागं बसून टाळ्या वाजवायचे. माझ्या नवऱ्याचं मला फार कौतुक होतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मनीषाचं लग्न झालं. जुन्या खेळाडूंचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिथं ह्यांनी पत्रिका टाकली, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना नोर्बू खरोखर आले. लेहहून दिल्ली, दिल्लीहून संभाजीनगर, तिथून बसनं आमच्याकडे. एप्रिलचं ऊन, आणि हा माणूस गळ्यात घालायला पांढरं रेशमी वस्त्र आणि पिशवीभर जर्दाळू घेऊन आलेला. चालताना डावा पाय जपून टाकायचे. बोटं गेलेली होती. एका हिवाळ्यात वरच्या चौकीवर असताना बर्फानं खाल्ली. मी त्यांना कूलरसमोर बसवलं. ते मला भाभी म्हणू लागले. एका दिवसात ते घरातले झाले, बायकांच्या घोळक्यात बसून लसूण सोलू लागले.

हळदीच्या दुपारी मांडवात सगळे जेवून सुस्तावले होते. त्याच महिन्यात त्या रशियन खेळाडूनं जुन्या कॅनडावाल्याचा विक्रम मोडला होता, त्यामुळं रोहितला जोर चढलेला. नोर्बूंनी त्याची बाजू घेतली. म्हणाले, हा गडी वर्षानुवर्षं एकाच जागेवरून मारतो, डाव्या अंगानं. कुठून मारणार हे साऱ्या जगाला माहीत, तरी कुणाला अडवता येत नाही, ह्याहून मोठं काय असतं? हे आपल्या जुन्याला धरून बसलेले. पाहुणे ऐकत होते, मजा चालली होती. आणि रोहितनं सहज विचारलं, पप्पा, ते जाऊ द्या, तुमच्यावर तर दोघांनी गोल केलेत, नोर्बूचाचा मोठे की विलासकाका?

 ह्यांचा चेहरा बघून माझ्या हातातलं पानाचं ताट मी खाली ठेवलं. मग हे मराठीत, खाली बघत, म्हणाले, "विलासनं गोल केला की वाटायचं, थोडक्यात हुकलं. नोर्बूनं केला की वाटायचं, मी तिथं नव्हतोच. नोर्बू मोठा होता. मी साहेबाला खोटं सांगितलं."

नोर्बूंना मराठी कळत नव्हतं. आपलं नाव आलं एवढं त्यांना उमगलं असावं, कारण ते हसऱ्या चेहऱ्यानं ह्यांच्याकडे बघत होते, आता हिंदीत सांगेल म्हणून. त्या क्षणी मी मनात म्हटलं, नका सांगू. दुसरं काहीतरी सांगा, मोठा आहेस म्हणा आणि विषय सोडा. पण ह्यांनी सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं, पहिल्यापासून. शिमल्याला स्पर्धेला जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती. तळ्याच्या काठावर साहेबांनी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, तू दोघांचे फटके अंगावर घेतोस, कुणाचा अडवणं जास्त अवघड? ह्यांनी विलासचं नाव घेतलं. विलास गेला. नोर्बूंची रवानगी वरच्या चौकीवर झाली, आणि त्याच हिवाळ्यात त्यांच्या पायाची बोटं गेली.

का सांगितलं तसं, हे कुणी विचारलं नाही. ह्यांनी आपणच सांगितलं. विलास मराठी बोलायचा, त्या परक्या थंडीत तेवढाच आपला वाटायचा, हे एक. पण खरं कारण ते नव्हतं. आदल्या दिवशी नोर्बूंनी ह्यांच्या दोन पायांच्या मधून चकती घातली होती, सगळी तुकडी हसली होती, आणि नोर्बूही हसले होते.

मांडवात कुणाला कुठं बघावं कळेना. माझे दीर उठून उगाच मांडवाची दोरी ओढू लागले. नोर्बूंनी एकच विचारलं, "साहेबांनी तुला विचारलं होतं?" कुणाला काही विचारलं गेलं होतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग म्हणाले की, माझ्या मुलांना मी आजवर सांगत आलो, विलास माझ्याहून चांगला होता म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी ते लग्नाला थांबले. मनीषाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, पंगतीत जेवले, सगळ्यांशी नीट बोलले. ह्यांच्याशीही बोलले, पण पाहुणा यजमानाशी बोलतो तसं. मी वाढायला गेले तर माझी मान वर होईना. चूक माझी नव्हती, पण माझ्या दारात, माझ्या मांडवात त्या माणसाचं काहीतरी हिरावलं गेलं होतं, आणि मी त्याला जिलेबीचा आग्रह करत होते. सकाळी ते जालन्याच्या बसला निघाले. स्टँडवर हे त्यांच्या पाया पडायला वाकले. नोर्बूंनी पाय मागं घेतला, डावा. भोवती गावातली माणसं होती, त्यांनी बघितलं. बस गेल्यावरही हे तसेच अर्धवट वाकलेले होते.

मी ह्यांच्यावर फार चिडले. लेकीचा मांडव हीच जागा सापडली का, असं विचारलं. म्हटलं, तुम्ही मोकळे झालात आणि तुमचं ओझं त्या पाहुण्याच्या डोक्यावर देऊन लावून दिलंत. हे म्हणाले, "मोकळा कशाचा झालो, सुमन... आता तर त्याला बी ठावूक झालं." 

नंतर ह्यांनी नोर्बूंना पुष्कळ फोन केले. उचलले गेले नाहीत. मग आवाजाचे निरोप पाठवू लागले. दुकानातल्या पाइपांच्या आडोशाला उभं राहून, मोबाइल तोंडाजवळ धरून, अडखळत हिंदी बोलत. ग्रुपवर सगळ्या जुन्या गड्यांना खरं काय ते सांगून टाकलं. काहींनी लिहिलं, इतक्या वर्षांनी कशाला उकरतोस. विलासचा फोन आला, तो मी ऐकला. त्याच्या सांगलीकडच्या घरी बैठकीच्या खोलीत शिमल्याला गेलेल्या संघाचा फोटो लावलेला आहे. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला की, मी काय चोरून गेलो होतो का, सुखदेव?  हे एका माणसाची भरपाई करायला गेले आणि दुसऱ्याच्या भिंतीवरचा फोटो काढायची वेळ आणली. तो फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "खरं बोलून बी माणूस खोटाच राहतो का गं?" मी शिक्षिका, दिवसभर पोरांना खरं बोला म्हणून सांगते. 

गावात गोष्ट पसरलीच. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण पूर्वी शेषरावच्या टपरीवर 'या गोलकीपर' अशी हाक यायची, ती बंद झाली. पंधरा ऑगस्टला हेडमास्तर बोलवायला आले तर हे दुकानाच्या मागच्या दारानं शेताकडे गेले. सामने बघणंही सुटलं. रोहित सुटीत आला की वाद काढून बघायचा, तर म्हणायचे, तुझाच रशियावाला मोठा, बाबा. पोराला जिंकल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी रडू यायचं.

हे गेल्यावर दहाव्याच्या आदल्या दिवशी मी नोर्बूंना निरोप पाठवला. अपेक्षा कसलीच नव्हती. दोन-तीन दिवसांनी दुपारी फोन आला. बराच वेळ ते नुसते "भाभी... भाभी..." करत राहिले. मग विचारलं, तो माझ्या फोनची वाट बघायचा का? मला खोटं बोलता आलं असतं. मी हो म्हणाले. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, सगळे निरोप मी ऐकले होते, पुन्हा पुन्हा ऐकले. काय बोलावं सुचत नव्हतं, आणि आता मलाच लाज वाटते आहे.

मग त्यांनी मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. चौकीवरून खाली आणल्यावर ते लेहच्या इस्पितळात कितीतरी दिवस होते. हातांनाही बर्फ लागला होता, चमचा धरवत नव्हता. तेव्हा ड्यूटी संपली की हे रोज यायचे आणि त्यांना स्वतःच्या हातानं भरवायचे. "भाभी, जागेचा राग मला तितका आला नाही," ते म्हणाले. "मी जन्मभर त्या भरवण्याचे उपकार मानले, त्याचा राग आला. वाटलं, तो मला भरवत नव्हता, स्वतःची लाज झाकत होता." आणि मग एखाद्या मुलासारखं विचारलं, "पण ते भरवणं तरी खरं होतं ना?"

काय सांगणार... मी त्यांना माझ्यापुरतं सांगितलं. मनीषा लहान असताना मला चिकनगुनिया झाला होता, बोटं वळत नव्हती. तेव्हा हे सुटी वाढवून घरी राहिले होते. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, एका खोलगट वाडग्यात दुधात भाकर कुस्करायचे, घासावर फुंकर मारायचे, आणि मी पुरे म्हटलं तरी आणखी एक घास पुढं धरायचे. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यातही तसंच. घरात कुणीही आजारी पडलं की तो वाडगा हे स्वतः फळीवरून उतरवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. माझं तर त्यांनी काही बिघडवलेलं नव्हतं, एवढं मी नोर्बूंना म्हणाले.  त्यांनी फोन ठेवला नाही, कितीतरी वेळ.

वाडगा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पालथा आहे. एका बाजूनं चेपलेला. परवा रोहितनं विचारलं, आई, हा मोडीत देऊ का? मी नको म्हणाले. त्याला स्टूल घेऊन वर चढायला लावलं, धूळ पुसून घेतली, आणि होता तिथंच पालथा ठेवायला सांगितला. घरात सध्या कुणी आजारी नाही.