दोरीतली कणसं

हैदराबादला विद्यापीठात मी संख्याशास्त्र उर्दूतून शिकलो आणि पुढं उर्दूतूनच शिकवायला लागलो. धडे मात्र विलायती पुस्तकांवरून बेतलेले. उदाहरणांत गोऱ्या शिपायांच्या उंच्या असायच्या, नाहीतर लंडनच्या पावसाचे आकडे. मुलं ते घोकून परीक्षा पास व्हायची आणि वर्गाबाहेर पडताना विचारायची, "साहेब, हे औसत नेमकं कशाला काढायचं?" औसत म्हणजे सरासरी. मला त्या प्रश्नाचा राग यायचा, कारण त्याचं धड उत्तर माझ्याकडंही नव्हतं.

माझ्याबरोबर एक सहकारी शिकवायचे. हैदराबाद शहरातले, बापजाद्यांत कुणी नांगराला हात न लावलेले. आम्ही एकमेकांना 'जनाब' म्हणायचो, आधी अदबीनं आणि नंतर निव्वळ चेष्टेनं. मी त्यांना मराठी शिकवत होतो आणि ते मला शेरवानी कशी घालावी ते शिकवत होते. दोघांचीही प्रगती यथातथाच होती. आपल्या मुलखातल्या वस्तू मोजून आपले धडे आपण तयार करावेत, ही कल्पना त्यांची. ज्वारी घेऊ, हे सुचवलं मी. वसतिगृहात असल्यापासून आमच्याकडच्या ज्वारीच्या बढाया मी इतक्या मारल्या होत्या, की दुसरं काही सुचवणं मला शोभलंच नसतं.

विभागाच्या प्रोफेसरसाहेबांना नव्या गोष्टींचा मुळातच कंटाळा. तरी ते म्हणाले, "करून दाखवा. खेड्यातल्या मास्तरांना हा धडा शिकवा, मी स्वतः येऊन बघतो. पटलं तर वेगळा वर्ग सुरू करू आणि तो यांच्याकडं देऊ." 'यांच्याकडं' म्हणजे माझ्या सहकाऱ्यांकडं. माझी नोकरी कायम होती, त्यांची नव्हती. उन्हाळ्यात त्यांची मुदत संपत होती. वर्ग मिळाला तर नेमणूक पक्की, नाहीतर मामांच्या कागदाच्या दुकानात गादीवर बसायचं. ते हे हसत हसत सांगायचे, पण त्या दिवसांत त्यांचं जेवण कमी झालेलं मी बघत होतो.

माघात काढणीच्या वेळी आम्ही माझ्या गावी आलो. नळदुर्गापासून बैलगाडीनं सकाळी निघालं की उन्हं तापायच्या आत पोचतो, एवढं जवळ. आसपासच्या चार गावांचे चार मास्तर जमवले. पद्धत सोपी होती. शेताच्या पट्ट्यांचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून तांब्यात टाकायचे, एक चिठ्ठी काढायची, त्या पट्टीत मोजून पावलं चालायचं आणि जिथं पाय थांबेल तिथं दोरीचा चौकोन टाकायचा. दोरीच्या आत जेवढी कणसं येतील तेवढी सगळी कापायची, चांगलं-वाईट बघायचं नाही. मग एकेका कणसाचा दाणा वेगळा तोलून लिहायचा, म्हणजे कणसामागं सरासरी दाणा किती ते निघतं. मी हे मराठीत सांगितलं आणि सहकाऱ्यांनी उर्दूत. मास्तरांनी दोन्ही वेळा माना डोलावल्या.

मास्तर आपापल्या गावी गेले. सहकारी सास्तूरला गेले, तिथं एका कापडवाल्याच्या घरी त्यांची उतरायची सोय झाली होती. मी माझ्याच गावात राहिलो, आमच्याच शेतात. माझे थोरले बंधू शेती बघायचे. मी त्यांना दादा म्हणायचो.

चिठ्ठी निघाली ती नेमकी ओढ्याकडच्या पट्टीची. तिथं त्या वर्षी काणी पडली होती. काणी पडली की कणीस लांबून भरल्यासारखं दिसतं, पण चोळलं की दाण्याऐवजी काळी भुकटी निघते. दादांनी दोरीतली कणसं कापली, हातावर घेऊन पाहिली आणि काळी काळी वेचून सरळ बांधावर भिरकावली.

"दादा, दोरीतली समदी घ्यायची असत्यात," मी म्हणालो.

"पाव्हण्याम्होरं असली ठेवत्यात व्हय?" दादा म्हणाले. "हैदराबादचा एवढा मोठा साहेब येणार, आन् त्याच्या पुढ्यात काणी? तुला शिकवलं कुणी?"

आमच्याकडं हे खरंच आहे. पाहुण्याला हुरड्याला बसवलं तरी कणीस निवडून देतात. किडकं, काळं त्याच्या नजरेला पडू देत नाहीत. दादांना समजावायला मला जमलं असतं, ते काही हट्टी नव्हते. पण मी गप्प बसलो. एवढंच करून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पेंढी बांधताना दादांच्या नजरेतून सुटलेली तीन काळी कणसं मला दिसली. वसतिगृहातल्या बढाया आठवल्या. मी ती तिन्ही ओढून काढली आणि बांधापलीकडं टाकली. दादा बघत होते.

चार दिवसांनी शाळेच्या ओसरीवर वर्ग भरला. सोनाराकडून काटा मागून आणला होता, कारण एका कणसाचा दाणा तोलायला वाण्याची तागडी कुचकामी. मास्तर लोक दाणे चोळत होते, तोलत होते, फळ्यावर आकडे मांडत होते आणि खुशीत होते. त्यातले सगळ्यांत म्हातारे मास्तर मला म्हणाले, "आजवर दुसऱ्याचं गणित शिकवलं, ह्ये आपलं हाय." मला फार बरं वाटलं.

प्रोफेसरसाहेब हैदराबादहून मोटारीनं आले. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी सहा गावांचे सहा रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. पाच रकाने भरदार होते. सहावा सास्तूरचा होता आणि त्यात जागोजागी शून्यं होती.

"ही शून्यं कसली?"

"काली ज्वार," माझे सहकारी म्हणाले. त्यांनी वहीतही तसंच लिहिलं होतं. ज्वारीचा हा एक वेगळा वाण असावा आणि त्याला दाणा धरत नसावा, अशी त्यांची समजूत. मास्तर मोठ्यानं हसले. मीही हसलो, हे मला विसरता येत नाही.

प्रोफेसरसाहेब हसले नाहीत. "पाच गावांत एकही शून्य नाही आणि तुमच्या एकट्याच्या गावात एवढी? तुम्हाला कणीस ओळखता येत नाही. कुणीतरी उकिरड्यावरचं आणून दिलं आणि तुम्ही मोजत बसलात. मोजणाराच असा असेल तर वर्ग कसा सोपवायचा?" मग त्यांनी तो रकाना पुसायला सांगितला.

सहकाऱ्यांनी फडकं हातात घेतलं, पण पुसलं नाही. "शेतवाला म्हणत होता टाकून द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच नक्को म्हणालो. दोरीत आलं, तो गिनना पडताच."

सहा रकान्यांत खरा रकाना तो एकच होता, आणि तेवढाच पुसायचा होता. काणी त्या वर्षी सगळीकडंच होती आणि मास्तरांच्या गावांतही ती पाहुण्यासमोर कुणी ठेवली नसणार, हे मला कळत होतं. तोंड उघडलं तर आमच्या घराची आणि चारही मास्तरांची पाहुण्यासमोर शोभा होणार होती. नाही उघडलं तर या माणसाची नोकरी जात होती. मी फळ्याकडं बघत राहिलो.

दादा पाहुण्यांच्या जेवणाची भाकरी-पिठल्याची दुरडी घेऊन आले होते आणि ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "काय म्हनत्यात साहेब?"

"जनाबनी काणी मोजली म्हणून रागावलेत. त्यांची नोकरी बहुतेक जाणार."

"खरी कणसं मोजली म्हनून?" दादांनी माझ्याकडं पाहिलं, दुरडी खाली ठेवली आणि निघून गेले. शेत काही लांब नव्हतं. ते परतले तेव्हा त्यांच्या धोतराच्या ओच्यात काळी कणसं होती. त्यांनी ती प्रोफेसरसाहेबांसमोर चटईवर ओतली.

"आमच्या दोरीतली हायती, साहेब. म्याच टाकली समदी. तुमच्याम्होरं ठेवायची लाज वाटली."

मग ते म्हातारे मास्तर खाकरले. "साहेब, आमच्यातबी हुती," ते म्हणाले, आणि मागोमाग उरलेल्या तिघांनी खाली बघत तेच सांगितलं. सगळ्यांनी पाहुण्याच्या मानासाठी एकच गोष्ट केली होती, कुणी कुणाला न सांगता.

प्रोफेसरसाहेबांनी एक कणीस उचलून चोळलं. बोटं काळी झाली. ती रुमालाला पुसत ते सहकाऱ्यांना म्हणाले, "तुमचा रकाना राहू द्या. बाकीचे पुन्हा लिहा." एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला असं सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. दादांची कणसं मोजून आमच्या रकान्यात तेवढी शून्यं घातली. मास्तरांनी आपापल्या गावी पुन्हा दोऱ्या टाकायचं कबूल केलं. आमच्या गावची सरासरी खाली आली आणि सास्तूरच्या शेजारी जाऊन बसली.

आकडे मांडताना सहकाऱ्यांनी मला विचारलं, "जनाब, आप तो साथ थे?"

"होतो," मी म्हणालो. "माझं लक्ष गेलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

वर्ग सुरू झाला, त्यांची नेमणूक पक्की झाली. आमचं धड्यांचं पुस्तक निघालं. त्यातला पहिला धडा ज्वारीच्या कणसांचा आहे, आणि मोजणाऱ्यानं काय टाळावं हे सांगताना त्यात एक वाक्य येतं: 'शेताच्या मालकानं पाहुण्यांच्या मानाखातर खराब कणसं टाकून दिली होती.' मी तो धडा निवृत्त होईपर्यंत शिकवला. मुलं त्या अडाणी मालकाला हसायची आणि मी त्यांना हसू द्यायचो.

सहकारी गेले, दादाही गेले. त्या दिवसाविषयी दादा माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. 'समदी' म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नव्हतं. समदी त्यांनी टाकली नव्हती. तीन माझी होती.