शुक्रवारी येणारे मिस्तर

मिस्तर शुक्रवारी संध्याकाळी टाय लावून ज्याच्या दारात उभे राहत, तो खेळाडू शनिवारच्या मॅचमधून गेला असं खुशाल समजावं. टीममधून माणसं सगळेच कोच काढतात. पण बाकीचे नोटीस बोर्डावर कागद डकवतात आणि पळ काढतात. आमचे मिस्तर बस पकडून त्या खेळाडूच्या घरी जात, त्याच्या टेबलाशी बसून त्याच्याबरोबर काहीतरी खात आणि मगच त्याच्या डोळ्यांत बघून सांगत. बर्मिंगहॅममधल्या आमच्या हॉस्पिटलच्या फुटबॉल टीमचे ते कोच. मूळचे स्पेनचे. आणि त्या टीमचा गोलकीपर म्हणजे आमचे हे, तेव्हा नुकतेच ज्युनिअर डॉक्टर म्हणून लागलेले.

मिस्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. फुटबॉल त्यांच्या देशात नेला इंग्रजांनी, म्हणून तिकडे कोचला अजून ‘मिस्तर’ म्हणायची पद्धत आहे. इंग्लंडात राहून त्यांनी तोच मान मागितला. टीममधला शॉन नावाचा आयरिश पोर्टर, हॉस्पिटलात पेशंटच्या खाटा ढकलणारा, मोठा खट्याळ. तो म्हणाला, “मिस्टर कोण? पुढे काही आडनाव?”

“पुढे काही नाही.”

“अहो, इथे दूधवालासुद्धा मिस्टर असतो!”

“असू दे. दूधवाल्यानं कधी तुला बचाव शिकवलाय का?”

तेव्हापासून शॉनसकट सगळे त्यांना मिस्तर म्हणू लागले. मीसुद्धा.

पहिल्यांदा ते आमच्याकडे आले तेव्हा मला बिचारीला काय ठाऊक! नवऱ्याचे कोच आले, मानाचा पाहुणा, म्हणून मी हौसेनं बटाटेवडे तळले. यांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. पाहुणे चवीनं खात होते, यांनाही “खा, डॉक्टर, खा” म्हणत होते. खाता खाता मला त्यांच्या गावाची गोष्ट सांगत होते. समुद्रकाठचं लहानसं गाव, गावाचं मैदान, आणि मैदानाच्या अगदी कुंपणाला लागून त्यांच्या आईचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं मैदान दिसतं म्हणे. “एक दिवस मी त्या मैदानावर माझी टीम घेऊन उभा राहीन आणि आई खिडकीतून बघेल. तोवर मी इथे शिकतोय,” असं म्हणाले. मला फार बरं वाटलं ते ऐकून. मग त्यांनी बशी बाजूला सारली, रुमालानं तोंड पुसलं आणि यांना म्हणाले, “डॉक्टर, उद्या तू नाहीस. उंच बॉलला तू पुढे येत नाहीस, मागेच थांबतोस. मंगळवारी लवकर ये, आपण तेवढंच करू.”

माझं डोकंच फिरलं. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, “खाल्ल्या घरचे वासे मोजतो मेला! माझे वडे खाऊन माझ्याच नवऱ्याला काढतो?”

“अगं, त्यांची पद्धतच आहे ती,” हे म्हणाले. “उपाशी माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, आणि उभ्या माणसाला तर नाहीच.”

असं आहे होय, म्हटलं. पुढच्या वेळी मी नेटच्या पडद्याआडून त्यांना येताना पाहिलं आणि गॅसच पेटवला नाही. खाणं नाही तर बातमी नाही! मिस्तर येऊन बसले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. माझ्या स्वेटरच्या विणीचं कौतुक झालं. मी आपली ढिम्म. शेवटी त्यांनी शांतपणे कोटाच्या खिशातून एक संत्रं काढलं, सोललं, आणि एकेक फोड यांच्या हातात देऊ लागले. म्हणजे हा बाबा तयारीनिशी आला होता! मला इतकं हसू फुटलं की मी उठून मुकाट्यानं तवा ठेवला. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागावणं सोडलं, आणि ते मला “मिसेस गोलकीपर” म्हणू लागले.

खेळाडू म्हणून इथल्या लहानमोठ्या क्लबांत ते चांगली वर्षं खेळले होते. मग गुडघा गेला. त्याच्या इलाजासाठी आमच्या हॉस्पिटलात आले, आणि मागच्या मैदानावर पोर्टर आणि डॉक्टर यांची चाललेली धावपळ त्यांना खिडकीतून बघवेना. कुबडी टेकत खाली उतरले आणि कोच झाले. दिवसा मोटारींच्या कारखान्यात काम, संध्याकाळी आमची टीम. “बॉलला पळू दे, तू कशाला पळतोस? बॉलला दम लागत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमचे हे अबोल. गोलकीपरनं सारखं ओरडत राहावं लागतं, आणि यांना ऐन वेळी इंग्रजी सुचायचंच नाही. मिस्तर म्हणाले, “मग तुझ्या आईशी बोलतोस त्या भाषेत ओरड. बाकीचे शिकतील.” आणि खरंच शिकले हो! शॉन आणि जमैकाहून आलेला आमचा नर्स विन्स्टन, दोघंही “मागे!” म्हटलं की मागे पळत आणि “माझा!” म्हटलं की बाजूला होत. समोरच्या टीमला काही कळायचं नाही. चिखलात उभी राहून ते ऐकताना मला कोण आनंद व्हायचा.

मध्यंतरी एका मोठ्या क्लबानं मिस्तरना सहायक कोच म्हणून नेलं. खरा पगार, खरं स्टेडियम. आम्ही सगळे खूश. पण तिथेही शुक्रवारी मिस्तरांची वारी सुरूच. क्लबच्या साहेबांना ते कमीपणाचं वाटलं. कोचनं असं दारोदार हिंडू नये, बोर्डावर यादी लावावी, असं त्यांनी सुनावलं. मिस्तरनी यादी काही लावली नाही. हंगाम संपताच ते परत आमच्या चिखलात हजर. मी म्हटलं, “मिस्तर, थोडं त्यांचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?” तर म्हणाले, “माझी आई काय म्हणाली असती?” मला वाटलं, असेल आपलं बोलायची रीत.

आईकडे मात्र त्यांना जाता येत नव्हतं. त्यांच्या देशातल्या युद्धात वडील हरलेल्या बाजूचे. वडील त्यातच गेले, आणि तिकडची सक्तीची लष्करी नोकरी चुकवली म्हणून मुलानं परत पाऊल ठेवलं तर तुरुंग ठेवलेला. आईनं तिकडे एकटीनं म्हातारपण काढायचं आणि मुलानं इकडे दुसऱ्यांच्या मैदानावर उभं राहायचं. कधी वड्याचा घास हातात धरून ते आमच्या खिडकीबाहेर बघत बसत. यांना परत जाता येईल तोवर ती म्हातारी टिकेल ना, हाच मला घोर. मी रोज दिवा लावताना त्यांच्या आईचंही नाव घेई.

मग तिकडचा हुकूमशहा म्हातारा होऊन गेला. वारं पालटलं. त्यानंतर काही महिन्यांनी एका शुक्रवारी मिस्तर टाय लावून दारात उभे. हे म्हणाले, “गेलो बाबा! आता वयही झालंय म्हणा.” मी सवयीनं कढई चढवली. मिस्तरनी नेहमीपेक्षा सावकाश खाल्लं. मग रुमालानं तोंड पुसून म्हणाले, “डॉक्टर, उद्या तू खेळणार आहेस.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. ‘तू खेळणार’ असं सांगायला ते कधी कुणाच्या घरी गेले नव्हते.

“मग काढलं कुणाला?” मी विचारलं.

“मला,” ते म्हणाले. “गावच्या क्लबानं बोलावलंय. कुंपणापलीकडची खिडकी अजून उघडी आहे, मिसेस गोलकीपर.”

तो सबंध आठवडा ते रोज कुणा ना कुणाच्या घरी जाऊन हेच सांगत होते, आणि दुसऱ्याला सांगू नका, त्याला मी स्वतः सांगेन, असं बजावत होते. मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, “इतका जाच करून घ्यायचा कशाला? मैदानावर एकदम सांगून टाकायचं.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. लढाईत मुलांना बोटीत घालून इंग्लंडला धाडलं, त्यात ते होते, नऊ वर्षांचे. बाकीच्या आयांनी मुलांना सांगितलं होतं की सहलीला जायचंय. बोट सुटल्यावर त्या मुलांनी जो आकांत केला तो त्यांच्या कानात कायमचा राहिला. “माझ्या आईनं घरात होतं नव्हतं ते शिजवलं. मला टेबलाशी बसवलं, पोटभर जेवू घातलं, आणि मग सांगितलं, उद्या तू जाणार, मी येणार नाही, कधी भेटू ते माहीत नाही. मी खूप रडलो. पण बोटीवर मी एकटाच होतो ज्याला कुणी फसवलं नव्हतं.”

यांनी उठून त्यांना मिठीच मारली. आमचे हे कधी कुणाला मिठी मारणारे नव्हेत. पुढे हे मोठे डॉक्टर झाले, तरी पेशंटच्या माणसांशी कॉरिडॉरमध्ये उभ्यानं कधी बोलले नाहीत. आधी खुर्ची, मग चहा, मग खरं काय ते.

दोन उन्हाळ्यांनी आम्ही त्यांच्या गावी गेलो. मैदानावर मिस्तर त्याच जुन्या वाक्यानं पोरांना दटावत होते, आणि कुंपणापलीकडच्या खिडकीत काळ्या कपड्यांतली एक ठेंगणी म्हातारी कोपरं टेकून बघत होती. मी साडीतली, लांबून ओळखू येणारी. तिनं हात करून मला आत बोलावलं. बोलायला भाषा नाही. तिनं माझा हात धरून टेबलाशी बसवलं आणि बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट कापून पुढे ठेवलं. पोट भरलं तरी वाढतेच आहे! एवढ्यात मिस्तर आले. मी म्हटलं, “मिस्तर, मला भीती वाटायला लागली. वाईट बातमी आहे का काही?”

त्यांनी ते आईला सांगितलं. म्हातारी इतकी हसली की तिला ॲप्रननं डोळे पुसावे लागले. मग मुलाच्या डोक्यावर एक टपली मारून ती काहीतरी बोलली आणि आणखी एक तुकडा माझ्या बशीत घातला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणते, बातम्या सगळ्या सांगून संपल्या. आता नुसतं जेवायचं.”