अध्यक्षांच्या भाषणाचा उपयोग

आमच्या समुपदेशन केंद्राच्या फलकावर सर्वांत मोठं नाव अध्यक्षांचं होतं. त्याखाली लगेच 'पीडित महिला' असे शब्द होते. केंद्र हा शब्द शोधावा लागे.

अध्यक्षांची भाताची गिरणी होती आणि समेट घडवण्याचा छंद होता. नवराबायकोला शेजारी बसवायचं, 'मोकळेपणाने बोला' म्हणायचं, मग हार घालून फोटो काढायचा. जिला ज्याची भीती, तिला त्याच्याच मांडीला मांडी लावून मोकळं कसं बोलता येईल, असं मी एकदा विचारलं. "मॅडम, संवाद हवा," ते म्हणाले आणि अर्धा तास एकटेच बोलले.

मुर्रीकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. चांगली धानाची शेती, इस्त्रीचा सदरा.

"हिचं डोकं ठिकाणावर नाही जी मॅडम. जागूनच राहते. समजवा हिले."

मी तिला विचारलं, "आज भाजी काय केली?"

"वांग्याची," तो म्हणाला.

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मान हलवली. स्वतःच्या चुलीवरच्या भाजीलाही तिला परवानगी लागत होती. तिला एकटीला भेटायला हवं होतं, आणि त्याला संशय येता कामा नये.

"पाटील, आमच्या अध्यक्षांना तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचं मत हवंय," मी म्हटलं.

त्याने कॉलर नीट केली आणि तो शेजारच्या खोलीत गेला. भिंतीपलीकडून अध्यक्षांची 'कुटुंबसंस्था' सुरू झाली. तो आवाज येत होता तोवर आम्हाला बोलायला मोकळीक होती.

"घरात भांडण झालं की काय होतं?"

"भांडण कायचं जी? भांडाले दोघं लागतात."

"गळा धरला कधी?"

तिने पदर जरा खाली ओढला. मी जे पाहिलं त्यानंतर समेटाची गोष्ट माझ्यापुरती संपली. हा माणूस तिला मारून टाकू शकत होता. घर सोडायला निघालेल्या बाईला धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून 'आजच निघा' असंही मी म्हटलं नाही. अध्यक्षांच्या फोटोचं माहितीपत्रक तर दिलंच नाही. घरात सापडलं असतं तर त्याचा वेगळा मार.

"जाशील तर कुठे?"

"देवरीले भाऊ आहे. पण पोरीचे पेपर होऊ द्या."

दिवस तिनेच ठरवायचा होता. पुढच्या भेटींमध्ये आम्ही तयारी केली. रेशनकार्ड आणि पोरीचे कागद शेजारणीकडे गेले, भावाला निरोप गेला, ठाण्यात मी बोलून ठेवलं. पलीकडच्या खोलीत नवरा इतका रमला, की अध्यक्षांनी त्याला वार्षिक कार्यक्रमात सत्काराला बोलावलं.

"व्याख्यान लांबते न त्यांचं?" तिने विचारलं.

"भरपूर."

"मंग तोच दिवस. पोरीचे पेपरही होतीन तोवर."

कार्यक्रमाला तो एकटाच आला. बायको कुठे, असं अध्यक्षांनी विचारलं. "घरी काम आहे," तो म्हणाला. अध्यक्षांनी तेवढ्यावरून भारतीय स्त्रीच्या त्यागाचा विषय काढला.

दुपारी केंद्रातला फोन वाजला.

"पोचलो जी, मी अन् पोरगी."

"भाऊ घरीच आहे ना?"

"हो. वावरात नाही गेला आज. तिकडे कसं?"

मी खिडकीतून मंडपाकडे पाहिलं. तिचा नवरा खांद्यावर शाल घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. घोट घोट पाणी पीत अध्यक्ष बोलत होते.

"अजून प्रास्ताविकच चालू आहे," मी म्हटलं.

"मंग चहा पेतो मी," ती म्हणाली.